तीन रजिस्टरं आणि एक माणूस

गेल्या वर्षी 'नो ड्यूज'च्या सह्यांसाठी मी लायब्ररीच्या खिडकीसमोर उभा होतो. आतल्या साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि शांतपणे सांगितलं, "पाटील एस. आर. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. चौदा महिने झाले. दंड भरा." मी कॉम्प्युटरचा. ते पुस्तक मी आयुष्यात उघडलेलं नाही. दंड होता मेकॅनिकलच्या दुसऱ्या पाटील एस. आर.चा, जो आमच्याच होस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहतो. मेसच्या वहीत त्याच्या नावावर माझी गेस्ट प्लेट लागली होती, म्हणजे हिशेब तसा बरोबरीत सुटला. पण होस्टेलचं रजिस्टर, मेसची वही आणि लायब्ररीचं रजिस्टर या तिघांत 'हा माणूस नक्की कोण' हे ठरवायला दोन दिवस आणि रेक्टर सरांची एक सही लागली.

हे आधी सांगायचं कारण असं की त्यानंतर महिनाभरात डीबीएमएसच्या सरांनी सेमिनारचे विषय मागितले आणि मी 'वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जुळवणे' हा विषय दिला. सर म्हणाले, "उदाहरण काय घेणार? बँक? हॉस्पिटल?" मी म्हटलं, "तुरुंग." वर्ग हसला. मी मात्र गंमत करत नव्हतो.

आमच्या मेसमध्ये पूर्वी एक काका होते. पोळ्या, भाजी, रविवारी नानकटाई. नानकटाई इतकी सुरेख की मुलं सोमवारसाठी खिशात लपवून न्यायची. एका रात्री लाइट गेले होते, आम्ही चार-पाच जण मेसच्या पायरीवर बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की बेकरीचं काम ते जेलमध्ये शिकले. दोन वर्षं आत होते. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. "सर्टिफिकेट पण दिलं होतं रे पोरांनो. पण त्याच्यावर शिक्का जेलचा. दाखवलं तर काम मिळत नाही, नाही दाखवलं तर काम येतं हे कोण मानणार?" पुढच्या सत्रात मेसच्या कंत्राटदाराने सगळ्या कामगारांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं आणि काका दिसेनासे झाले.

तर प्रश्न असा. जेलमध्ये शिकवलेलं बाहेर उपयोगी पडतं का? पडत असेल तर कोणाला, किती, आणि कोणतं शिक्षण? उत्तर सोपं वाटतं, पण ते एका जागी कुठेच लिहिलेलं नसतं. कोण काय शिकलं हे तुरुंग खात्याला ठाऊक असतं, पण माणूस गेटबाहेर पडला की त्यांचं रजिस्टर संपतं. पगार कोणाला किती मिळतो हे कामगार खात्याला किंवा इन्कम टॅक्सवाल्यांना ठाऊक असतं, पण त्यातला कोण आत होता हे त्यांना माहीत नसतं (आणि माहीत नसावंच). पुढे कॉलेजात कोणी नाव घातलं हे शिक्षण खात्याकडे. पुन्हा पकडला गेला तर पोलिसांकडे. एकाच माणसाचे चार तुकडे चार कपाटांत. हे तुकडे जुळवून पाहण्याचं काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बरंच झालंय. माझा सेमिनार त्यावरच होता, आणि वीस मिनिटांत जे बसलं नाही ते इथे लिहितोय.

आधी प्रश्नाचा आकार बघू. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आकडेवारी विभागाने २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्या चार लाखांहून जास्त कैद्यांचा माग काढला. तीन वर्षांत त्यातल्या ६७.८ टक्के लोकांना पुन्हा कधी ना कधी अटक झाली, पाच वर्षांत ७६.६ टक्के. २०१२ साली ३४ राज्यांतून सुटलेल्यांसाठी हेच आकडे साधारण ६२ आणि ७१ टक्के आले. (अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.)

आता पगाराची बाजू. तिथे बेकारी विम्यासाठी प्रत्येक मालकाला दर तिमाहीला आपल्या कामगारांची यादी राज्य सरकारकडे द्यावी लागते. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर आणि त्या तिमाहीत दिलेला पगार असतो. काम कोणतं, तास किती, हे बहुतेक राज्यांत नसतं. म्हणजे अगदी किरकोळ टेबल. पण हे टेबल सगळ्यांसाठी असतं, वर्षानुवर्षं भरलेलं असतं, आणि कोणी फॉर्म घेऊन "तुम्हाला नोकरी आहे का हो?" असं विचारत फिरलेलं नसतं. जेलमधून सुटलेल्या माणसाला पत्ता नसतो, फोन बदलतो. त्याच्यापर्यंत सर्व्हेवाला पोचतच नाही. रजिस्टर मात्र पोचतं.

अॅडम लूनी आणि निकोलस टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली हेच टॅक्सच्या नोंदी घेऊन केलं. सुटकेनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात फक्त ५५ टक्के लोकांच्या नावावर काही तरी कमाई दिसली. ज्यांची दिसली त्यांची मधली कमाई वर्षाला १०,०९० डॉलर. पंधरा हजारांच्या वर फक्त २० टक्के. हे वाचून आपण लगेच म्हणतो, बघा, जेलने माणसाचं वाटोळं केलं. पण त्यांनी त्याच माणसांची जेलमध्ये जाण्याआधीची वर्षंही काढली. तीन वर्षं आधी कामाच्या वयातल्या पुरुषांपैकी फक्त ४९ टक्क्यांना काम होतं आणि त्यांची मधली कमाई होती ६,२५० डॉलर! म्हणजे ही माणसं आत जाण्यापूर्वीच कामाच्या जगाबाहेर होती. एका टेबलने जे सांगितलं ते दुसऱ्या वर्षाच्या टेबलने पार बदलून टाकलं. जेल फक्त नोकरी घालवतं असा माझा समज होता. इथे निघालं असं, की घालवण्यासारखी नोकरीच बहुतेकांकडे नव्हती.

आता जुळणी. इथे आपल्या ब्रँचवाल्यांनी सरसावून बसावं, बाकीच्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण सोडू नका.

दोन्ही टेबलांत एकच नंबर असेल तर जॉईन म्हणजे एका ओळीचं काम. पण तुरुंगाच्या रजिस्टरमधला नंबर हा अटक झाल्यावर, रात्री-अपरात्री, माणसाने तोंडी सांगितलेला असू शकतो. आकडा चुकतो. काही लोक मुद्दाम भावाचं नाव सांगतात. जन्मतारीख 'साधारण' असते. मग नाव, जन्मतारीख, लिंग, राहण्याचं ठिकाण असं सगळं मिळून अंदाज बांधावा लागतो. याचं गणित कॅनडाच्या इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर या दोघांनी १९६९ साली मांडलं आणि आजही तेच पायाला आहे. कल्पना साधी. लिंग जुळलं, त्याला फारशी किंमत नाही, कारण ते निम्म्या लोकांचं जुळतंच. 'पाटील' जुळलं, थोडी किंमत. एखादं दुर्मीळ आडनाव जुळलं तर भरपूर किंमत. प्रत्येक रकान्याला असं वजन द्यायचं, बेरीज करायची. बेरीज एका रेषेच्या वर गेली तर तोच माणूस, दुसऱ्या रेषेच्या खाली गेली तर वेगळा, आणि मधल्यांना माणसाने डोळ्यांनी तपासायचं. रेक्टर सरांनी माझ्या बाबतीत हे मधलं काम केलं.

नावाचं स्पेलिंग चुकतं म्हणून उच्चारावरून कोड करायची पद्धत आहे, साउंडेक्स. तिचं पेटंट १९१८ सालचं, म्हणजे कॉम्प्युटरच्याही आधीचं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. इंग्रजी नावांना बरी चालते. आपल्या नावांना? 'वाघ' हे आडनाव कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं असल्याने एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या कोडमध्ये जाऊन बसतात. मी गंमत म्हणून होस्टेलच्या यादीवर चालवून पाहिली. 'व' आला की घोटाळा.

जुळणीत दोन प्रकारच्या चुका होतात. एक म्हणजे भलत्याच माणसाशी जुळणं, माझ्या दंडासारखं. ती दिसते, त्यावर भांडता येतं. दुसरी म्हणजे खरी जोडी निसटणं. ही दिसत नाही, आणि इथे तीच जास्त घातक आहे. विचार करा, तुरुंगाच्या यादीतला माणूस पगाराच्या यादीत सापडला नाही, तर त्याच्या पगाराच्या रकान्यात काय येणार? शून्य. म्हणजे जुळणी चुकली की कमावता माणूस बेकार ठरतो. एखाद्या जेलचा क्लार्क नंबर नीट लिहीत नसेल, तर त्या जेलमधलं शिक्षण कुचकामी आहे असा 'शास्त्रीय' निष्कर्ष निघेल. सेमिनारमध्ये मी हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून पहिल्यांदा कोणीतरी "अरे हो की!" म्हणालं. वीस मिनिटांतली तेवढीच दाद.

शून्य यायची आणखी कारणं आहेत. स्वतःचा धंदा करणारे, रोखीने मजुरी घेणारे आणि दुसऱ्या राज्यात गेलेले राज्याच्या त्या तिमाही यादीत नसतात. जेलमधून आलेला माणूस नेमकी हीच कामं जास्त करतो, कारण तिथे कोणी कागद मागत नाही. आमचे काका आता म्हणे तालुक्याच्या स्टँडबाहेर भजी-पावची गाडी लावतात. धंदा बरा चालतो असं आमच्या एका मित्राने पाहून सांगितलं. कुठल्याही पगाराच्या रजिस्टरमध्ये ते शून्यच असतील.

बरं, समजा जुळणी शंभर टक्के अचूक झाली. शिकलेल्यांपैकी इतके टक्के पुन्हा आत आले, न शिकलेल्यांपैकी तितके. फरक दिसला. शिक्षणाने फरक पडला असं म्हणायचं का? थांबा. जेलमध्ये संध्याकाळच्या वर्गाला स्वतःहून नाव कोण देतो? ज्याला आधीच सुधारायचंय तो. आपल्याकडे लायब्ररीत बसणाऱ्यांना मार्क जास्त पडतात, म्हणून सगळ्यांना पकडून लायब्ररीत बसवलं तर निकाल शंभर टक्के लागेल का? हा तोच प्रश्न आहे.

यावरचा एक व्यवहारी तोडगा ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने एप्रिल २०१३ मध्ये काढला. नाव 'जस्टिस डेटा लॅब'. मला ही व्यवस्था इतकी आवडली की सेमिनारची अर्धी स्लाइड तिच्यावरच होती. समजा तुमची एक छोटी संस्था आहे, कैद्यांना शिकवते. तुम्ही ज्यांना शिकवलं त्यांची यादी मंत्रालयाला द्यायची. नाव, जन्मतारीख, कधी शिकवलं. निदान साठ माणसं तरी हवीत. मंत्रालय ती यादी पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकाशी जुळवतं. मग उरलेल्या लाखो नोंदींमधून तुमच्या प्रत्येक माणसासारखी माणसं शोधतं. तेच वय, तसाच गुन्हा, आधीच्या शिक्षा तेवढ्याच, आधी कामाला होता की नव्हता तेही. फक्त तुमच्याकडे शिकलेली नाहीत. दोन्ही गटांत एका वर्षात कितीजणांनी पुन्हा गुन्हा केला आणि तो सिद्ध झाला, याची तुलना होते आणि उत्तर म्हणून तुम्हाला मिळतात फक्त टक्केवाऱ्या. कोणत्या माणसाचं काय झालं, हे संस्थेलाही कळत नाही. यादी आत जाते, बाहेर येतो फक्त आकडा. आणि निकाल चांगला असो, वाईट असो, जाहीर होतो. बऱ्याच अहवालांत 'अजून नक्की सांगता येत नाही' एवढंच उत्तर असतं, आणि तेही तसंच छापतात. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये हे वाक्य मी कधी वाचलेलं नाही.

'प्रिझनर्स एज्युकेशन ट्रस्ट' ही तिथली १९८९ पासूनची संस्था. कैद्यांना पत्राद्वारे शिकण्याच्या कोर्सची फी देते. तिने आपली यादी दिली. २०१४ च्या अहवालात उत्तर आलं, मदत मिळालेल्यांपैकी १९ टक्के वर्षभरात पुन्हा दोषी ठरले, तशाच दुसऱ्या गटात २६ टक्के. पुढे २०१८ मध्ये टॅक्स खात्याच्या नोंदी जोडून नोकरीचंही पाहिलं, तेव्हा सुटल्यावर वर्षभरात कामाला लागलेले शिकणाऱ्यांत ३९ टक्के, दुसऱ्या गटात ३१ टक्के. जादू नाही. शंभरातले आठ. पण हे आठ कोणाच्या भाषणातून आलेले नाहीत, रजिस्टरमधून आलेत. अर्थात 'सुधारायची इच्छा' हा रकाना कुठल्याच टेबलात नसतो, त्यामुळे लायब्ररीवाला संशय थोडा उरतोच. तेवढा उरू द्यावा.

अमेरिकेत रँड या संस्थेने २०१३ साली तोपर्यंतचे असे सगळे अभ्यास एकत्र केले आणि एक आकडा पेपरांतून गाजला, जेलमध्ये शिकलेल्यांची परत येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी. इथे जरा जपून. तो ४३ टक्के हा 'ऑड्स'मधला फरक आहे, म्हणजे येणाऱ्यांचं न येणाऱ्यांशी गुणोत्तर. साध्या भाषेत त्याच अहवालात १३ टक्के गुणांचा फरक दिला आहे. मॅथ्स-थ्रीच्या पेपरात हा घोळ केलेल्यांना समजेल. खर्चाचा हिशेब मात्र तिथे डोळ्यात भरण्यासारखा आहे. एका कैद्याच्या शिक्षणावर साधारण १,४०० ते १,७५० डॉलर, आणि तीन वर्षांत पुन्हा आत ठेवण्याचा वाचलेला खर्च ८,७०० ते ९,७०० डॉलर.

याला पार्श्वभूमी आहे. गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी 'पेल ग्रँट' १९९४ च्या कायद्याने कैद्यांना बंद झाली. बाहेरच्या गरीब मुलांचे पैसे गुन्हेगार खातात, असा राग होता. खरं तर कैद्यांचा वाटा त्या पैशांतल्या एका टक्क्याहूनही कमी होता. तरी तुरुंगांतली कॉलेजं पटापट बंद पडली. २०१५ मध्ये ओबामा सरकारने प्रयोग म्हणून काही कॉलेजांना परवानगी दिली, डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जुलै २०२३ पासून ही ग्रँट कैद्यांना पुन्हा मिळू लागली. या मधल्या वादात रँडचा आकडा दोन्हीकडून किती वेळा फेकला गेला असेल, देव जाणे.

आता काकांच्या शिक्क्याकडे येतो, कारण मला खरा रस त्यात होता. शिकला, काम येतं, पण रेकॉर्डमुळे कोणी ठेवत नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले होते, २००३ साली निकाल छापला. गोऱ्या मुलाला रेकॉर्ड नसेल तर ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं, असेल तर १७. काळ्या मुलाला रेकॉर्ड नसेल तर १४, असेल तर ५. म्हणजे रेकॉर्ड नसलेल्या काळ्यापेक्षा रेकॉर्ड असलेला गोरा बरा! यावर उपाय म्हणून अनेक राज्यांनी अर्जावरचा 'तुम्हाला शिक्षा झाली आहे का' हा चौकोनच काढायला लावला. ऐकायला छान. पण अमांडा अगान आणि सोन्जा स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे पंधरा हजार खोटे अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा चौकोन गेल्यावर गोऱ्या-काळ्यांतला फरक ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलेला दिसला. माहिती लपवली, तर मालक नावावरून अंदाज बांधू लागले. चांगल्या हेतूने काढलेला चौकोन भलत्याच माणसाच्या मुळावर आला.

मग रेकॉर्डच पुसलं तर? मिशिगन राज्यात ठरावीक वर्षं नीट वागलेल्या माणसाला तशी सोय होती. अर्ज, बोटांचे ठसे, फी, कोर्टाची तारीख. जे. जे. प्रेस्कॉट आणि वर सांगितलेल्या सोन्जा स्टार यांनी तिथल्या पोलिसांच्या नोंदी आणि राज्याच्या तिमाही पगाराच्या नोंदी जोडून मिळवल्या आणि २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. दोन गोष्टी निघाल्या. एक, रेकॉर्ड पुसलं गेलेल्यांचा पगार वर्षभरात सरासरी २२ टक्क्यांहून जास्त वाढला, मुख्यतः बेकारांना काम मिळाल्यामुळे, आणि ही माणसं पुन्हा गुन्ह्याकडे जवळजवळ वळतच नव्हती. दुसरी गोष्ट जास्त बोलकी. हक्क असलेल्यांपैकी पाच वर्षांत फक्त ६.५ टक्के लोकांनी रेकॉर्ड पुसून घेतलं होतं. बाकीच्यांना माहीत नाही, वकील परवडत नाही, कोर्टाचं नाव काढलं की घाम फुटतो. आपल्या स्कॉलरशिपचे फॉर्म आठवा. हक्क असणं आणि फॉर्म भरून होणं यात किती अंतर असतं!

यावरचा उपाय पुन्हा डेटाचाच होता. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कायदा केला, की माणसाने अर्ज करायचाच नाही. कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदी सॉफ्टवेअरनेच जुळवायच्या, मुदत भरलेली प्रकरणं शोधायची आणि आपोआप सीलबंद करायची. मिशिगनमध्ये आपोआप पुसण्याची सोय एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. ज्या जुळणीने माणूस सापडतो, त्याच जुळणीने त्याला सोडताही येतं. फरक क्वेरी कोण चालवतो यात.

सेमिनारच्या शेवटी सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाले, "तुझ्या डायग्राममध्ये तुरुंग खातं आणि कामगार खातं यांच्यात बाण दोन्हीकडून काढलास. उद्या मालकाने पगाराच्या बाजूने आत डोकावलं तर?" मी गप्प. बाण मी सवयीने काढला होता. काकांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं, एका खात्याची नोंद कंत्राटदाराच्या टेबलावर आली आणि माणूस गेला. जिथे हे काम नीट होतं तिथे नाव आणि नंबर जुळणीपुरते वापरून लगेच काढतात, त्याऐवजी अर्थहीन कोड लावतात. ज्यांच्याकडे नावं आहेत त्यांच्याकडे पगार नसतात, ज्यांच्याकडे पगार आहेत त्यांच्याकडे नावं नसतात. अभ्यास करणारा बंद खोलीत, बंद मशीनवर काम करतो, पेन ड्राइव्ह न्यायची सोय नाही. आणि बाहेर जाणाऱ्या तक्त्यात एखाद्या रकान्यात दोन-चारच माणसं असतील तर तो आकडाच झाकतात, कारण 'अमुक तालुका, बेकरी कोर्स, वय ५२' एवढं म्हटलं की गावाला नाव सांगायची गरज उरत नाही.

आपल्याकडचं काय, असं विचारणारा एक जण असतोच, आणि विचारावंच. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो दर वर्षाची तुरुंगांची आकडेवारी छापतो. कैद्यांचं शिक्षण किती, त्या वर्षात किती जणांना साक्षरतेचे, कॉम्प्युटरचे, धंद्याचे वर्ग मिळाले, सुटताना किती जणांना आर्थिक मदत झाली, हे सगळं त्यात बेरजांच्या रूपात सापडतं. माणसागणिक मागचा-पुढचा धागा त्या छापील बेरजांत नाही. आणि एक मोठा फरक. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन, ज्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नाही. उद्या आपण मिशिगनची स्कीमा जशीच्या तशी उचलली तर या चार लाख माणसांच्या नावापुढे कोणता फ्लॅग लावणार? मी म्हणेन त्यांना त्या टेबलात घालूच नये, निदान सुटल्यावर तरी ओळ काढून टाकावी. आमचे सर म्हणतात, ओळ काढली तर ते आत असताना बुडालेलं शिक्षण आणि गेलेला रोजगार कधी मोजलाच जाणार नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, चहाला येणार असाल तर तुम्हीही सामील व्हा.

जाता जाता एक जाहिरात. आपल्या देवनागरी आणि इंग्रजीत लिहिलेल्या नावांसाठी 'वाघ' न चुकवणारी जुळणीची पद्धत कोणाला फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून करायची असेल, तर होस्टेलची यादी (नावं सोडून बाकी सगळं काढलेली) माझ्याकडे आहे. मेसच्या वहीची परवानगी रेक्टर सरांकडून यायची आहे. मेकॅनिकलच्या पाटील एस. आर.ने दंड भरला, पण पुस्तक अजून मिळालेलं नाही.